राजा का अडखळतो?

“तू म्यूटवर आहेस.”

आमच्या टीमचा स्टँड-अप रोज सकाळी साडेदहाला असतो. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडकलंय, एवढंच सांगायचं असतं. माणशी एक मिनिट. माझी पाळी आली की मी तोंड उघडतो, ओठ ‘प’वर मिटतात आणि तिथेच राहतात. आवाज नाही. तीन-चार सेकंद गेले की कुणीतरी चांगल्या मनानं म्हणतं, “तू म्यूटवर आहेस.” मी नसतो. माइक चालू असतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशा वेळी खरंच म्यूटचं बटण दाबायचो, पुन्हा काढायचो आणि “सॉरी” म्हणायचो. दोष लॅपटॉपवर ढकलला जायचा. तोतऱ्या माणसाला दोष कुठेतरी ढकलायची सवय असते. आणि त्याच्या भोवतालच्यांना तो कुणाच्या तरी माथी मारायची. हा लेख त्या दुसऱ्या सवयीबद्दल आहे, आणि तिला सगळ्यात देखणं रूप देणाऱ्या ‘द किंग्ज स्पीच’ या सिनेमाबद्दल.

सिनेमा २०१०चा. दिग्दर्शक टॉम हूपर, पटकथा डेव्हिड साइडलरची. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज, म्हणजे घरच्यांचा बर्टी, झालाय कॉलिन फर्थ. त्याला बोलायला शिकवणारा ऑस्ट्रेलियन लायनल लोग झालाय जेफ्री रश. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. तोतरेपणाचा विषय निघाला की आजही लोक पहिलं नाव याच सिनेमाचं घेतात.

मी तो पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर, मित्राच्या हार्ड डिस्कवरून पाहिला आणि शेवटच्या दहा मिनिटांत उशीत तोंड खुपसून रडलो. तोवर पडद्यावर भेटलेले तोतरे एक तर हसवायला आणलेले असायचे, नाहीतर घाबरवायला. ‘डर’मध्ये शाहरुख ‘किरण’च्या पहिल्या अक्षरावर जे करतो, त्याची नक्कल माझ्या वर्गातल्या जवळपास प्रत्येकानं माझ्यासमोर केली होती. तो सिनेमा १९९३चा, आमच्या जन्माआधीचा, तरीही. ‘द किंग्ज स्पीच’मध्ये मात्र पहिल्यांदाच कॅमेरा अडखळणाऱ्याच्या बाजूला उभा होता. १९२५चं वेम्ब्लीचं भाषण, समोर गर्दी, मायक्रोफोन, आणि बर्टीच्या घशात अडकलेला तो आवाज. ते दृश्य पाहताना मला माझा स्वतःचा घसा जाणवत होता.

दुसऱ्यांदा पाहिला तो दोन वर्षांपूर्वी दिवाळीत, कराडला घरी, बाबांबरोबर. बाबांना इंग्रजी सिनेमाचं फारसं कळत नाही, म्हणून मी मधूनमधून मराठीत सांगत होतो. तोतऱ्या राजाची गोष्ट तोतरा मुलगा अडखळत समजावतोय, हे आम्हा दोघांनाही मजेशीर वाटत होतं. मग विमानाचा सीन आला.

वडील वारल्यानंतर बर्टी लायनलकडे येतो. लायनलच्या मुलाचं खेळण्यातलं विमान अर्धवट जोडलेलं टेबलावर पडलेलं असतं. बर्टी ते डिंकानं जोडत बसतो आणि हळूहळू सगळं बाहेर येतं. तो मुळात डावखुरा होता, त्याला उजव्या हातानं लिहायला भाग पाडलं. पाय आत वळलेले म्हणून लोखंडी पट्ट्या बांधल्या. सांभाळणारी बाई त्याला चिमटे काढायची, जेवायला द्यायची नाही. वडील दरडावायचे. अडखळणं कधी सुरू झालं, तर चार-पाच वर्षांचा असताना, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं.

मी हे सगळं सांगत होतो. बाबा उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं कंटाळले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, “तुझा डावा हात मीच सोडवला. त्यानंच झालं ना ते?”

मी काहीच बोललो नाही. त्या वेळी अडखळलो म्हणून नव्हे. मलाही तेच वाटत होतं.

दोन सीन

नंतर मी सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला, वही घेऊन. तेव्हा लक्षात आलं की या सिनेमाच्या पोटात तोतरेपणाच्या दोन वेगवेगळ्या कारणमीमांसा आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात.

पहिली विमानाच्या सीनमधली. ती म्हणते: तोतरेपणा ही जखम आहे. लहानपणी कुणीतरी ती केली. जखम उघडी कर, करणाऱ्याचं नाव घे, धीर धर, वाचा फुटेल.

दुसरी त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच भेटीत येते. लायनल बर्टीच्या कानांवर हेडफोन चढवतो, त्यात जोरात मोझार्ट लावतो आणि ‘हॅम्लेट’मधलं स्वगत वाचायला सांगतो. बर्टीला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तो चिडून मधेच निघून जातो. लायनल त्याला रेकॉर्ड भेट देतो. बऱ्याच दिवसांनी, रात्री एकटा असताना, बर्टी ती ग्रामोफोनवर लावतो, आणि ऐकतो तर काय, एकही अडथळा नाही. सलग, स्वच्छ.

हा प्रसंग चमत्कार म्हणून दाखवलाय, पण तो चमत्कार नाही. कानात मोठा आवाज असला की पुष्कळ तोतऱ्यांचं अडखळणं लक्षणीय कमी होतं, हे वाचाउपचार करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. स्वतःचा आवाज किंचित उशिरानं कानात ऐकवला तरी अनेकांना फरक पडतो. गाताना तर जवळपास कुणीच अडखळत नाही. आता या रेकॉर्डमुळे विमानाच्या सीनची फार पंचाईत होते. बालपणीची जखम हेच कारण असेल, तर मोझार्टच्या चार मिनिटांत ती कुठे जाते? चिमटे काढणारी बाई तेवढ्यापुरती चांगली होते का?

सिनेमाच्या हातात खरा धागा आला होता. पुढे त्यानं तो सोडून दिला, कारण त्या धाग्याला नाट्य नाही. तंतू, संकेत, मिलिसेकंद यांची पटकथा होत नाही. क्रूर बापाची होते.

इतिहासही त्यासाठी सरकवलाय. खरा बर्टी लायनलकडे पहिल्यांदा गेला १९२६च्या ऑक्टोबरात. पुढच्या मे महिन्यात कॅनबेराला संसदेच्या उद्घाटनाचं भाषण त्यानं बऱ्यापैकी निभावलं. मधे होते रोजचे श्वासाचे व्यायाम आणि रटाळ सराव. सिनेमा ही पहिली भेट १९३४ साली नेऊन ठेवतो. म्हणजे उपचाराचं फळ थेट ३ सप्टेंबर १९३९च्या युद्धाच्या भाषणात पदरात पडतं आणि बोलता येणं म्हणजे शौर्य असं समीकरण बसतं. मग ज्याला बोलता येत नाही तो कोण, हा प्रश्न उरतो. तो विचारायला सिनेमाला वेळ नाही.

साइडलरशी मात्र न्यायानं वागलं पाहिजे. तो स्वतः तोतरा होता. युद्धाच्या काळात इंग्लंडहून अमेरिकेला जाताना, जेमतेम तीन वर्षांचा असताना आपलं अडखळणं सुरू झालं, असं तो सांगायचा. त्याच्यासाठी कारण होतं युद्ध. बर्टीसाठी बाप. माझ्या बाबांसाठी माझा डावा हात.

पण वय बघा. तोतरेपणा बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात सुरू होतो, मूल शब्दांकडून वाक्यांकडे झेप घेत असतं तेव्हा. आणि या तीन वर्षांत काही ना काही घडलं नाही असं कोणतं घर असतं? भावंड जन्मतं, बदली होते, आजी जाते, शाळा सुरू होते, एखादा मार बसतो. घटना शोधायला बसलं की सापडतेच. ती सापडली म्हणून ती कारण ठरत नाही.

दोष द्यायची जुनी रीत

साइडलरनं ही मांडणी हवेतून आणली नाही. तिच्यामागे शास्त्राचाच इतिहास आहे आणि तो फार चांगला नाही.

१८४१ साली बर्लिनच्या डिफेनबाख नावाच्या शल्यचिकित्सकाला वाटलं दोष जिभेचा आहे. त्यानं तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापून काढला. भूल द्यायचं तंत्र अजून यायचं होतं.

१९२०च्या दशकात अमेरिकेत आयोवा विद्यापीठात सॅम्युएल ऑर्टन आणि ली ट्रॅव्हिस यांनी नजर मेंदूकडे वळवली. बोलण्यासाठी मेंदूच्या एका अर्ध्या भागानं पुढारपण घ्यावं लागतं. ते नीट ठरलं नाही की वाचा अडखळते. डावखुऱ्याला उजवं केलं की हा घोळ होतो. बर्टीच्या डाव्या हाताची गोष्ट या मांडणीत इतकी चपखल बसते की ती खरी वाटायला लागते. तो डावखुरा होता हे खरंच. १९२६ साली विम्बल्डनमध्ये दुहेरीचा सामना तो डाव्या हातानंच खेळला. पण हात बदलल्यानं तोतरेपणा येतो, याला नंतरच्या अभ्यासांत भक्कम आधार मिळाला नाही. गेल्या पिढीत घरोघरी डावखुऱ्या मुलांचे हात बदलले गेले. त्यातली बहुतेक आज घडाघडा बोलतात.

मग त्याच आयोवात वेन्डेल जॉन्सन आला. तो स्वतः तोतरा. त्यानं सांगितलं की तोतरेपणा मुलाच्या तोंडात सुरू होत नाही, आईबापांच्या कानात सुरू होतो. सगळीच लहान मुलं अडखळतात. आईबाप त्याला आजार म्हणतात, मूल घाबरतं, आणि मग तो खरोखर आजार होतो. ही मांडणी तपासायला १९३९ साली त्याच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनं डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना महिनोन्‌महिने सांगितलं गेलं की तुम्ही तोतरी होताय, अडखळणार असाल तर बोलूच नका. ज्या वर्षी लंडनमध्ये राजा धीरानं माइकसमोर उभा राहिला, त्याच वर्षीची ही गोष्ट.

मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली. वर्गात बोलेनाशी झाली, काहींच्या मनावर आयुष्यभराचा ओरखडा राहिला. हा प्रयोग २००१ साली वर्तमानपत्रातून उघड झाला, विद्यापीठानं माफी मागितली आणि २००७ साली आयोवा राज्यानं सहा जणांच्या बाजूनं ९,२५,००० डॉलरची तडजोड केली. आईबापांना दोषी धरणारी मांडणी सिद्ध करायला ज्यांना आईबापच नव्हते अशी मुलं वापरली गेली, हे वाचून मी फोन बाजूला ठेवला होता.

आपल्याकडे प्रयोगशाळेची गरज पडली नाही, भाषेनंच काम केलं. मराठीत ‘त-त-प-प होणं’ म्हणजे काय? चोरी पकडली जाणं. उत्तर नसणं. घाबरणं. माझं रोजचं बोलणं हा मराठीत गुन्हा कबूल केल्याचा पुरावा आहे. ट्रेनमध्ये टीसीनं तिकीट विचारलं आणि मी ‘प’वर अडकलो, तर तिकीट खिशात असूनही त्याचा चेहरा बदलतो. त्याचा काय दोष? त्याला भाषेनं तेच शिकवलंय.

बग कुठे आहे?

गेल्या तीसेक वर्षांत मेंदूची चित्रं घेता यायला लागली आणि खटल्यात नवे साक्षीदार आले. २००२ साली मार्टिन झोमर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की लहानपणापासून तोतऱ्या असलेल्या प्रौढांच्या मेंदूत डाव्या बाजूला, बोलण्याची हालचाल ठरवणाऱ्या भागांना जोडणारे पांढरे तंतू वेगळे दिसतात, जोडणी जरा ढिली असल्यासारखे. इतर अभ्यासांत दिसलं की अडखळताना उजवी बाजू गरजेपेक्षा जास्त काम करते, बहुधा डावीची उणीव भरून काढायला.

यावर शंका काढता येते, आणि मी ती काढली. तीस वर्षं अडखळून अडखळून मेंदू असा झाला नसेल कशावरून? म्हणूनच मिशिगन विद्यापीठातल्या सू-उन चांग यांचं काम महत्त्वाचं. त्यांनी तीन वर्षांपासूनची मुलं घेतली, म्हणजे अडखळणं नुकतंच सुरू झालेली, आणि वर्षानुवर्षं त्यांचे स्कॅन केले. फरक त्या वयातही होता. पुढे ज्यांचं अडखळणं थांबलं आणि ज्यांचं राहिलं, त्यांच्या तंतूंची वाढही वेगवेगळ्या वाटेनं गेली.

आणखी एक साक्ष येते पक्षाघाताच्या रुग्णांकडून. काही माणसं आयुष्यभर नीट बोलतात आणि मेंदूत गुठळी झाल्यावर अचानक अडखळायला लागतात. २०२४ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अशा रुग्णांच्या इजा ताडून पाहिल्या. इजा वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, पण त्या सगळ्या एकाच जाळ्याला येऊन मिळत होत्या आणि त्या जाळ्याचं केंद्र होतं डावा प्युटामेन. हा बेसल गँग्लियाचा भाग. सवयीच्या हालचालींमध्ये ‘आता पुढची’ असा इशारा देणं हे बेसल गँग्लियाचं एक काम मानलं जातं. एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जायचा इशारा वेळेवर आला नाही की ओठ आहेत तिथेच राहतात. माझ्या ‘प’वर नेमकं हेच होतं. मला शब्द माहीत असतो. ‘प’ही येतो. ‘प’नंतरचं दार उघडत नाही.

जनुकांचीही साक्ष आहे. तोतरेपणा घराण्यात येतो हे आज्यांना माहीतच होतं. २०१० साली, सिनेमा आला त्याच वर्षी, अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटानं पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून सुरुवात करून तीन जनुकांमधले बदल शोधले. ही जनुकं पेशीतला कचरा हटवणाऱ्या यंत्रणेशी संबंधित आहेत. असे बदल थोड्याच तोतऱ्यांमध्ये सापडतात, म्हणजे सगळं कोडं सुटलं असं नाही. पण ऑस्करच्या मंचावर बापाचं कठोरपण गाजत होतं, तेव्हा एका प्रयोगशाळेत कारण पेशीच्या कचरापेटीपाशी शोधलं जात होतं, हा योगायोग मला सोडवत नाही.

यावर सगळे एकच प्रश्न विचारतात, माझ्या मॅनेजरनंही विचारला: “मग तू एकटा असताना, कुत्र्याशी बोलताना, गाताना का अडखळत नाहीस? म्हणजे मनाचंच असणार.”

मी रोज बग शोधतो, म्हणून माझं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे. प्रोग्राममध्ये एक जात असते टायमिंगच्या बगची. दोन कामं समांतर चाललेली असतात, एकाचा संकेत दुसऱ्यापर्यंत क्षणभर उशिरा पोहोचतो आणि सगळं अडकतं. हा बग माझ्या लॅपटॉपवर दिसत नाही. सर्व्हरवर गर्दी वाढली की दिसतो. शोधायला म्हणून मी मधे एक ओळ घातली की तो गायब होतो, कारण त्या ओळीनं वेळेचं गणित किंचित बदललेलं असतं. म्हणून बग काल्पनिक आहे असं कुणी म्हणत नाही. गर्दीत दिसतो म्हणून गर्दी हे कारण आहे, असंही म्हणत नाही. गर्दीनं फक्त आधीपासूनची फट दाखवली. माझ्यासाठी साडेदहाचा स्टँड-अप ही गर्दी. कुत्रा म्हणजे रिकामा सर्व्हर.

मेंदू कॉम्प्युटर नाही, ही उपमा फार ताणू नये. पण ‘एकटा असताना येतं म्हणजे मनाचं आहे’ हा तर्क चुकीचा आहे, एवढं दाखवायला ती पुरते.

शेवटचा सीन, पुन्हा

हे सगळं वाचून मी शेवटचं भाषण परत पाहिलं आणि वेगळाच सिनेमा दिसला.

बंद खोली. माइकच्या पलीकडे लायनल उभा. तो हात हलवतोय, ओठांनी शब्द आकारतोय, वाद्यवृंदाला ताल द्यावा तसा. वाक्याला कुठे थांबायचं ते दाखवतोय. मागे बेथोव्हेनची सातवी सिम्फनी एका ठाम चालीत पुढे सरकतेय. आतलं घड्याळ दगा देत असेल तर बाहेरून ताल मिळाला की बोलणं सुटतं. मेंदू तेव्हा दुसरी वाट वापरत असावा, अशी संशोधकांची एक प्रमुख मांडणी आहे. तो सीन नेमका तेच दाखवतो. तिथे शौर्य आहे, पण काम करतोय तो ताल आणि समोरचा माणूस.

मला शाळा आठवली. रोज सकाळी प्रतिज्ञा व्हायची. एक जण पुढे उभा राहून सांगायचा, बाकीचे मागून म्हणायचे. पाचशे पोरांबरोबर मी एकदाही अडखळलो नाही. गणपतीत आरती, वर्गात पाढे, तेही असेच. सातवीत पुढे उभं राहून प्रतिज्ञा सांगायची पाळी आली आणि पहिल्याच शब्दावर थांबलो. तेच मैदान, तीच पोरं, तेच शब्द. फक्त बरोबरचे आवाज नव्हते. शिक्षक म्हणाले, “रोज म्हणतोस ना? मग आता काय झालं?” मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. आता थोडंफार माहीत आहे.

भाषणानंतर लायनल म्हणतो की एका अक्षरावर तरी अडखळलातच. बर्टी उत्तर देतो की थोडं अडखळायलाच हवं होतं, नाहीतर मीच बोलतोय हे लोकांना कळलं कसं असतं? सिनेमातलं हे मला सगळ्यात आवडतं वाक्य. इथे क्षणभर बरं होण्याची अट गळून पडते. हूपर आणि साइडलरना हे उमगलं होतं. पण हे वाक्य हशा वसूल करून जातं आणि लक्षात राहतो तो क्रूर बाप.

कारण न सांगताही लिहिता येतं याचा पुरावा डेव्हिड मिचेलची ‘ब्लॅक स्वान ग्रीन’ ही २००६ची कादंबरी. मिचेल स्वतः अडखळतो. त्याचा तेरा वर्षांचा जेसन १९८२ सालच्या इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहतो आणि आपल्या अडखळण्याला त्यानं ‘हँगमन’ असं नाव दिलंय. तो का आला, कुणी आणला, याचा हिशेब कादंबरी मांडत बसत नाही. ती दाखवते की तो असताना दिवस कसा जातो. जेसन वाक्य बोलायच्या आधी पुढचे शब्द चाळून बघतो, धोक्याचं अक्षर दिसलं की ऐन वेळी दुसरा शब्द घालतो, आणि त्यामुळे कधी वेडगळ तर कधी शिष्ट वाटतो.

हे वाचताना मी मोठ्यानं हसलो. पुण्यात मी दोन वर्षं पौड फाट्याजवळ राहायचो. ‘पौड फाटा’ म्हणता येत नाही म्हणून बसमध्ये कोथरूड डेपोचं तिकीट काढायचो आणि आधीच उतरायचो. दोन वर्षांत किती पैसे गेले याचा हिशेब मी केलेला नाही. हॉटेलात मी पोहे मागवत नाही, उपमा मागवतो. उपमा मला आवडत नाही.

जखम शोधत फिरणाऱ्या गोष्टीला हा उपमा दिसत नाही. म्हणून मला वाटतं, ‘द किंग्ज स्पीच’नं आमच्याबद्दल सहानुभूती खूप मिळवली, पण माहिती थोडी चुकीची दिली. लोक आता आमच्यावर हसत नाहीत. विचारतात, “लहानपणी काही झालं होतं का?”

बाबांची साक्ष

यंदा मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा हे सगळं बाबांना सांगितलं. तंतू, प्युटामेन, आयोवाची मुलं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. तंतूंची गोष्ट त्यांना वायरिंगच्या भाषेत लगेच कळली. म्हटलं, “हात बदलल्यानं झालं नाही, बाबा. ते आधीच होतं.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझंही होतं.”

मला हे अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं.

“गुरुजी छडी मारायचे अडकलो की. चौथीपर्यंत गेलं सगळं. मला वाटलं, मारानं गेलं. म्हणून तुला...”

म्हणून मला. अडखळलो की मागून चापट बसायची, ती रागाची नव्हती. ते औषध होतं. आजी वेखंड उगाळून जिभेला लावायची, मावशीनं नवस बोलला होता, आणि बाबा त्यांना लागू पडलेलं औषध देत होते.

पण तोतरेपणा सुरू झालेल्या मुलांपैकी चारातली तीन तरी आपोआप नीट बोलायला लागतात. लहान मुलांत साधारण शंभरात पाच जणांना तो कधी ना कधी होतो, मोठ्यांत एकालाच उरतो. मधल्या काळात ज्यानं जे केलं, त्याला त्याचं श्रेय मिळतं: वेखंडाला, नवसाला, छडीला. आणि ज्यांचं राहतं, त्यांच्यात पुरुष बायकांच्या चौपट. बाबा तिघांतले निघाले, मी चौथा. छडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मी हे सांगितलं. मेंदूनं बाबांना कारणातून सोडवलं, चापटीतून नाही. तेही मला म्हणायचं होतं. अडखळणं चापटीनं आलं नाही, पण वर्गात हात वर न करणं, फोन न उचलणं, उपमा, हे काही अंशी तिथूनच आलं. जोसेफ शीहान या मानसशास्त्रज्ञानं तोतरेपणाला हिमनग म्हटलं होतं, ऐकू येणारं थोडं आणि पाण्याखाली लाज, भीती, टाळाटाळ. वरचा भाग मेंदूचा असेल. खालचा आम्ही सगळ्यांनी मिळून वाढवला. हे मी बाबांना सांगितलं का? सांगितलं. अर्धवट, अडखळत.

ते म्हणाले, “म्हणजे आलं ते माझ्याकडूनच.”

“उंचीपण तुमच्याकडूनच आली,” मी म्हणालो. त्यावर ते हसले.

हल्ली दर रविवारी त्यांचा फोन येतो. पूर्वी मी अडकलो की ते घाईनं माझा शब्द पुरा करायचे, बहुतेकदा चुकीचा. गेल्या रविवारी मी सांगत होतो की मला प्रमोशन मिळालंय. ‘प’वर थांबलो. चार सेकंद, पाच सेकंद. पलीकडून डेपोजवळच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. बाबा काही बोलले नाहीत. “हॅलो, आवाज येतोय का?” असंही म्हणाले नाहीत.

मी शब्द पुरा केला, तेव्हा ते म्हणाले, “बरं झालं. पगार किती वाढला?”